मुदतीवर राहणारी माणसं

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर टपालपेट्यांची रांग आहे. इथे राहायला आले त्या आठवड्यात माझ्या नावाची पट्टी चिकटवायला गेले, तर आधीची पट्टी निघता निघेना. नखाने खरवडली तेव्हा तिच्याखाली आणखी एक निघाली, आणि तिच्याखाली तिसरी, शाई उडालेली, अर्धवट फाटलेली. चार वर्षांत तीन बिऱ्हाडं, असा हिशेब समोरच्या घरातल्या मावशींनी सांगितला. त्यांना तिन्ही नावं पाठ होती. पहिला मुलगा रात्रपाळी करायचा, त्यानंतर दोघी बहिणी आल्या आणि त्यांनी गच्चीत वेल लावले, हेही त्यांच्या लक्षात होतं. त्या कुंड्या गच्चीत अजून आहेत. पाणी मावशी घालतात.

शहराच्या ऐन मध्यात, दाट वस्तीत, जवळजवळ सगळेच भाडेकरू आणि त्यातले बहुतेक तिशीच्या आतले, अशा भागात मी राहते. या भागांबद्दल काय बोललं जातं ते ऐकून ऐकून पाठ झालंय. आज आहेत, उद्या नाहीत. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. यांना वस्तीचं काय पडलंय? कचरा रस्त्यावर दिसला की भाडेकरू, रात्री आवाज झाला की तरुण पोरं. नगररचनेच्या अहवालांमध्ये हेच जरा सभ्य शब्दांत येतं: लोकसंख्या ‘अस्थिर’ आहे, म्हणून वस्तीला मूळ धरता येत नाही.

मला हे निदान उलटं वाटतं. माणसं तात्पुरती राहतात कारण त्यांचे करार तात्पुरते असतात. जागेत जीव गुंतायला मालकी लागत नाही; अजून काही वर्षं आपण इथेच आहोत एवढी खात्री पुरते. ती खात्री काढून घ्यायची आणि मग ‘यांना आपलेपणा नाही’ म्हणायचं, हा अन्याय आहे. आणि तो कायद्याने केलेला आहे, म्हणजे कायद्याने दूरही करता येईल.

भाड्याच्या घरात जीव गुंततो का, याचं उत्तर बॉस्टन शहराने फार मोठी किंमत देऊन मिळवलं. तिथला वेस्ट एंड हा स्वस्त भाड्याचा, दाटीचा, कामगारांचा भाग. तो ‘बकाल’ ठरवून १९५८ पासून पाडायला घेतला आणि हजारो कुटुंबं शहरभर विखुरली. मार्क फ्रीड या मानसशास्त्रज्ञाने त्या लोकांना पाडापाडीच्या आधी आणि नंतरही गाठलं. घरातलं माणूस गेल्यावर होतो तसाच शोक त्यांच्यातल्या अनेकांना झाल्याचं त्याने १९६३ साली मांडलं, आणि काहींचा तो दोन वर्षांनीही ओसरला नव्हता. ज्या भिंतींसाठी ही माणसं रडत होती, त्या त्यांच्या नावावर नव्हत्या.

शेजारचाच नॉर्थ एंड मात्र वाचला. कागदावर तोही बकालच होता. घरं जुनी, माणसं खच्चून, बँका कर्ज देईनात. तरी लोकांनी पदरमोड करून, एकमेकांच्या हाताने घरं सुधारली होती. शहरांवर लिहिणाऱ्या अमेरिकी लेखिका जेन जेकब्स यांनी १९६१ मध्ये या भागाविषयी लिहिताना जे निरीक्षण नोंदवलं ते मला आजच्या प्रत्येक भाड्याच्या वस्तीला लागू पडतं असं वाटतं: वस्ती कायमची बकाल राहते तेव्हा त्याचं मूळ कारण हे असतं की माणसं तिथून फार भराभर बाहेर पडतात. ती टिकली, आपणहून राहिली, की वस्ती सुधारायला लागते. त्यांनी आणखी एक फरक दाखवला. एकरामागे किती घरं आहेत ही एक गोष्ट, आणि एका खोलीत किती माणसं कोंबली आहेत ही दुसरी. पहिलीला घनता म्हणावं, दुसरीला दाटी. घनतेने रस्ता जागता राहतो, दाटीने माणूस पिचतो. आपण मात्र दोन्हींना ‘गर्दी’ म्हणतो आणि उपाय म्हणून माणसं कमी करायला निघतो.

मुदत माणसाचं वागणं कसं बदलते ते मला माझ्याच न्हाणीघरात दिसलं. भिंतीच्या कोपऱ्यात ओल धरली होती. सुरुवातीला तळहाताएवढा डाग, पावसाळ्यानंतर पाटाएवढा, मग रंगाचे पापुद्रे सुटायला लागले आणि आतून काळी बुरशी डोकावू लागली. वरच्या मजल्यावरचा पाइप गळत होता, हे उघड होतं. मालकांना एक फोन केला असता तर काम झालं असतं. तो फोन मी सात महिने केला नाही. कराराचं नूतनीकरण पाच महिन्यांवर आलं होतं. आत्ता तक्रार केली तर ‘खर्च निघालाय, भाडं वाढवावं लागेल’ असं उत्तर येईल, किंवा काहीच न सांगता करार वाढवलाच जाणार नाही, ही भीती. शेवटी सही झाली आणि दोन महिन्यांनी मी फोन केला. तोवर पाणी खालच्या घराच्या छतात उतरलं होतं. खालच्या मुलालाही ते तीन महिने दिसत होतं. त्यानेही फोन केला नव्हता. त्याचंही नूतनीकरण जवळ आलं होतं.

दोघंही बेफिकीर नव्हतो. आम्ही रोज त्या डागाकडे बघत होतो. सबंध इमारतीचं नुकसान होत होतं, त्यात मालकाचंही होतं, आणि ज्यांना ते सगळ्यात आधी दिसत होतं त्यांचीच तोंडं बंद होती. कारण न देता काढता येणाऱ्या भाडेकरूकडे कायद्याने दिलेले हक्क असले तरी ते वापरण्याची सोय नसते. दुरुस्तीचा हक्क, सुरक्षित वायरिंगचा हक्क, अनामत रक्कम परत मिळण्याचा हक्क, हे सगळे एका प्रश्नाशी येऊन अडतात: मागितलं तर पुढच्या वर्षी मी इथे असेन का?

मुदतीचा याहून विचित्र परिणाम वस्तीच्या सुधारणेवर होतो. रस्त्यावर झाडं लावायची, पदपथ रुंद करायचे, पडीक जागेवर बाग करायची, अशी योजना आली की मालकाला आनंद होतो. त्याच्या मिळकतीचं मोल वाढणार असतं. भाडेकरूच्या पोटात मात्र गोळा येतो. न्यूयॉर्कमध्ये वापरात नसलेल्या उन्नत रेल्वेमार्गावर ‘हाय लाइन’ हे उद्यान केलं आणि २००९ मध्ये त्याचा पहिला टप्पा खुला झाला. पुढच्या वर्षांत आजूबाजूच्या घरांच्या किमती चढत गेल्या आणि महागड्या इमारतींची रांगच उभी राहिली. उद्यान सुंदर आहे, यात वाद नाही. पण ज्याचं भाडं बाजारभावाने ठरतं आणि करार वर्षाचा असतो, त्याच्यासाठी दारातली बाग म्हणजे घर सोडण्याची आगाऊ सूचना असू शकते. आमच्या गल्लीत बाकं बसवण्याचा विषय निघाला तेव्हा खालच्या मजल्यावरची एक मुलगी पटकन म्हणाली, ‘नको, मग भाडं वाढेल.’ पंचविशीतली मुलगी, दिवसभर उभं राहून काम करणारी, संध्याकाळी पायरीवर बसून चपला काढणारी. तिला ते बाक सगळ्यांत जास्त हवं होतं. ज्या व्यवस्थेत तिला स्वतःच्या रस्त्यावर बाक नको असं म्हणावं लागतं, तिथे तिला वस्तीचं प्रेम नाही असा निष्कर्ष काढणाऱ्यांचा मला राग येतो.

आता आमच्याच बाजूचं एक अवघड सत्य. आम्ही तरुण भाडेकरू या गोष्टीत फक्त भरडले जाणारे नाही. आम्हीही कोणाला तरी भरडतो. तीन खोल्यांच्या घरात चार कमावती मुलं एकत्र राहतात तेव्हा चार पगारांतून भाडं जातं. तेच घर दोन लहान मुलांच्या कुटुंबाला एका किंवा दीड पगारात परवडायला हवं असतं. मालक कोणाला देणार? आमच्या आधी या इमारतीत कुटुंबं होती, मावशींना त्यांचीही नावं आठवतात. आम्ही आल्यावर तळमजल्यावरचं चपला दुरुस्त करणाऱ्याचं दुकान गेलं आणि तिथे रात्री उशिरापर्यंत चालणारं काहीतरी आलं. रुथ ग्लास या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९६४ मध्ये लंडनमधल्या कामगारवस्त्यांत मध्यमवर्ग शिरल्यावर काय होतं त्याचं वर्णन केलं होतं आणि त्या प्रक्रियेला ‘जेंट्रिफिकेशन’ हे नाव दिलं. आमच्यासारखे लोक पुष्कळदा त्या लाटेचं पहिलं पाणी असतात. आधीच्यांना आम्ही हलवतो, काही वर्षांनी आमच्याहून जास्त पगाराचे येतात आणि आम्हाला हलवतात.

म्हणून ‘तरुणांना परवडणारी घरं’ एवढीच मागणी मला अपुरी वाटते. खोलीमागे माणसं वाढवत भाडं गाठण्याची ही शर्यत आहे तोवर तरुण आणि कुटुंबं एकमेकांवर बोली लावत राहणार. ज्या कुटुंबाचं भाडं दोन करारांच्या मध्ये बाजारभावाने उडी मारू शकत नाही, त्याला चार पगारांच्या घोळक्याशी दरवर्षी झुंजावं लागत नाही. मुदतीची सुरक्षितता आमच्याइतकीच, किंबहुना आमच्याआधी, त्यांची गरज आहे.

दाट वस्तीत एक ताकदही असते आणि तिचा विसर पडलाय. १९१५ साली, पहिलं महायुद्ध चालू असताना, स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात जहाजबांधणीच्या कामासाठी माणसांचे लोंढे आले आणि घरमालकांनी भाडी वाढवली. गोव्हन, पार्टिक या भागांतल्या बायकांनी वाढीव भाडं द्यायचं नाकारलं. मेरी बारबर हे त्यातलं सर्वांत ठळक नाव. चाळवजा उंच इमारती, एका जिन्यावर अनेक घरं. जिन्यात कोणीतरी घंटा घेऊन बसायचं. घर खाली करवायला बेलिफ, म्हणजे न्यायालयाचा माणूस, आला की घंटा वाजायची, आणि हातातलं काम टाकून सगळ्या बायका जिन्यात उतरायच्या, पिठाचे गोळे, ओले कपडे, हाताला लागेल ते फेकून त्याला परत पाठवायच्या. नोव्हेंबरपर्यंत सुमारे २० हजार भाडेकरू या संपात होते. १७ नोव्हेंबरला हजारोंचा जमाव न्यायालयासमोर जमला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये ब्रिटनच्या संसदेने भाडी युद्धाआधीच्या पातळीवर गोठवणारा कायदा केला.

मला या हकिगतीत कायद्याइतकंच त्या जिन्याचं महत्त्व वाटतं. एकमेकींच्या दारातून वावरणाऱ्या, एकमेकींचं दार ओळखणाऱ्या बायका होत्या म्हणून एका घंटेवर सगळ्या उतरल्या. दूर दूर बंगल्यांच्या वसाहतीत हे झालं नसतं. आणि दर वर्षी अर्धी बिऱ्हाडं बदलणाऱ्या इमारतीतही झालं नसतं. घनता असूनही ओळख नसेल तर घंटा वाजून विरून जाते. आमच्या जिन्यात आज ती वाजली तर किती दारं उघडतील? मावशींचं नक्की. माझं, आता, नक्की. पहिल्या वर्षी मी कडी काढली असती का, सांगता येत नाही.

तर मागायचं काय? माझ्या मते सगळ्यात आधी एकच: बिनमुदतीचा करार हा नियम व्हावा, आणि भाडेकरूला जायला सांगायचं तर कारण देण्याची जबाबदारी मालकावर असावी. यात नवल काही नाही. जर्मनीत निम्म्याहून अधिक लोक भाड्याने राहतात आणि बिनमुदतीचा करार ही तिथली सर्वसाधारण रीत आहे. मालकाला स्वतःला किंवा घरच्यांना राहायला जागा हवी असेल, भाडेकरूने कराराचा मोठा भंग केला असेल, अशी कायद्यात बसणारी कारणं लागतात. मालकाने द्यायची सूचना तीन महिन्यांची असते. भाडेकरू पाच वर्षं राहिला असेल तर सहा महिन्यांची, आठ वर्षं राहिला असेल तर नऊ महिन्यांची. भाडेकरूला मात्र कधीही तीन महिन्यांच्या सूचनेवर निघता येतं. जितकं जास्त राहिलात तितकं तुमचं त्या जागेवरचं वजन वाढत जातं, ही कल्पना मला फार मोलाची वाटते. चालू करारातली भाडेवाढही त्या भागातल्या भाड्यांच्या तुलनेत ठरते, आणि तीन वर्षांत २० टक्क्यांहून, टंचाईच्या भागात १५ टक्क्यांहून, जास्त करता येत नाही.

‘तरुणांना तर मोकळीक हवी असते, त्यांना बांधून काय करता?’ असं विचारणाऱ्यांना याच तरतुदीत उत्तर आहे. निघण्याची मोकळीक भाडेकरूकडे राहते. काढून टाकण्याची मोकळीक तेवढी मालकाकडून जाते. आजवर आम्ही ‘हलते’ आहोत असं जे म्हटलं गेलं, त्यात आपणहून हलले किती आणि हलवले गेले किती, हे कोणी वेगळं मोजलं आहे का?

ज्या ग्लासगोत ती घंटा वाजली, त्या स्कॉटलंडमध्ये डिसेंबर २०१७ पासून खासगी भाडेकरार बिनमुदतीचे झाले; घर परत घ्यायचं तर मालकाला कायद्यातल्या ठरावीक कारणांपैकी एक दाखवावं लागतं. इंग्लंडमध्ये १९८८च्या कायद्याने मालकाला दोन महिन्यांच्या नोटिशीवर, कारण न देता, भाडेकरू काढण्याची मुभा दिली होती. ती काढून टाकणारा कायदा २०२५ मध्ये मंजूर झाला. मध्ये ३७ वर्षं गेली. त्या वर्षांत जन्मलेली मुलं स्वतः भाडेकरू झाली.

याच्या विरोधातलं सर्वांत वजनदार म्हणणं अर्थतज्ज्ञांचं आहे आणि ते झटकून टाकता येत नाही. सॅन फ्रान्सिस्कोत १९९४च्या मतदानाने १९८० पूर्वीच्या लहान इमारतींनाही भाडेनियंत्रण लागू झालं. त्याचा परिणाम स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या रिबेका डायमंड, टिम मॅक्वेड आणि फ्रँकलिन क्वियान यांनी तपासला. अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. संरक्षण मिळालेल्या भाडेकरूंचं स्थलांतर सुमारे २० टक्क्यांनी कमी झालं, म्हणजे माणसं टिकली. पण त्याच मालकांनी घरं विकून किंवा पुनर्बांधणी करून भाड्याच्या घरांचा पुरवठा १५ टक्क्यांनी घटवला, आणि शहरातली एकूण भाडी ५ टक्क्यांच्या आसपास वाढली. आत असलेल्यांना आधार मिळाला, बाहेर उभे असलेल्यांना तो महागात पडला.

मी यातून दोन गोष्टी घेते. कायदा माणसांना जागेवर टिकवू शकतो, हे या अभ्यासाने मोजून दाखवलं. आणि पळवाट उघडी ठेवली तर मालक तिच्यातून जाणारच, हेही. घर भाड्याच्या बाजारातून काढून विकण्याची वाट सोपी ठेवायची आणि भाडं तेवढं बांधायचं, असं केलं तर हेच होणार. शिवाय नवी घरं बांधल्याशिवाय कोणताही करार पुरा पडणार नाही. व्हिएन्नाने १९२०च्या दशकात पालिकेमार्फत घरं बांधायला सुरुवात केली आणि आज तिच्याकडे सुमारे २ लाख २० हजार घरं आहेत. तिथे भाडेकरू असणं म्हणजे आयुष्यात कुठेतरी कमी पडणं, असं कोणी समजत नाही. इतका साठा एका निवडणुकीच्या काळात उभा राहत नाही, पण सुरुवात कोणत्या तरी एका वर्षी करावीच लागते.

लहान मालकांचं काय, हा प्रश्नही खरा आहे. आयुष्यभराची पुंजी एका घरात घातलेली, भाड्यावर म्हातारपण काढणारी माणसं मी पाहिली आहेत. भाडं बुडवणारा भाडेकरू आणि वर्षानुवर्षं चालणारा दावा त्यांना उद्ध्वस्त करू शकतो. त्यांच्यासाठी वेगाने निकाल देणारी न्यायव्यवस्था हवी, आणि ती भाडेकरूंनीच मागायला हवी. पण भाडं बुडवणाऱ्याला काढण्यासाठी वेळेवर भाडं भरणाऱ्यालाही विनाकारण काढण्याची मुभा कशाला लागते, हे मला आजवर कोणी समजावून दिलेलं नाही.

राहता राहिला भाडेकरूंच्या आवाजाचा, म्हणजे त्यांचं म्हणणं ऐकलं जाण्याचा मुद्दा. मागच्या वर्षी आमच्या रस्त्यावरची वाहतूक एकेरी करायची की नाही यावर नागरिकांचं म्हणणं ऐकण्यासाठी बैठक ठेवली होती. कामाच्या दिवशी, दुपारी तीन वाजता. पत्रं मिळकतधारकांच्या पत्त्यावर गेली. आमच्या जिन्यात २४ घरं आहेत आणि त्यातल्या दोनच घरांत मालक राहतात, म्हणजे २२ पत्रं शहराच्या दुसऱ्या टोकाला किंवा दुसऱ्या शहरात पोचली. आम्हाला कळलं ते मावशींना एका मालकिणीने पत्राचा फोटो पाठवला म्हणून. अर्धी सुट्टी टाकून आम्ही नऊ जण गेलो. दारात नोंदवही होती. तिच्यात ‘मिळकतधारक’ आणि ‘इतर’ असे दोन रकाने आखलेले होते. एकोणीस वर्षं त्या रस्त्यावर राहणाऱ्या मावशींनी ‘इतर’मध्ये सही केली. मग त्यांनी पेन खाली ठेवलं नाही. रकान्याच्या वरचा तो शब्द खोडला, तिथे ‘रहिवासी’ असं लिहिलं, आणि वही माझ्याकडे सरकवली.